पोळ्याच्या दिवशी पुसलेला फोल्डर

मारबतीची, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मिरवणुकीची सुट्टी संपवून सकाळी साडेदहाला शाळेत आले, कॉम्प्युटर सुरू केला, ब्राउझर उघडला, तर वरची पट्टी कोरी. तिथे डावीकडे पहिलाच ‘शाळा’ नावाचा फोल्डर असायचा. त्यावर टिचकी मारली की खाली सव्वीस फोल्डर उलगडायचे आणि त्यांच्या पोटात माझ्या नऊ वर्षांच्या बुकमार्कांचा संग्रह. साडेतेराशेच्या आसपास दुवे असतील. त्या सकाळी तिथे बँकेचा एक दुवा आणि हवामान खात्याचा एक दुवा, एवढंच उरलं होतं.

मी नागपुरात महाल भागातल्या एका अनुदानित शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. पगार बिलं, शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीचं काम, सेवापुस्तकं, वेतननिश्चिती, रजा, निवृत्तिवेतनाचे प्रस्ताव हे सगळं माझ्या टेबलावर. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे, यात निम्मी लढाई आधाराची असते. प्रस्ताव गेला, त्रुटी निघाली, ‘याबाबतचा शासन निर्णय जोडावा’ अशी ओळ लाल शाईत आली, की तो शासन निर्णय आपल्याकडे त्याच दिवशी हवा असतो. कारण पूर्ततेला दिवस मोजके असतात आणि पलीकडे ज्याचा पगार किंवा पेन्शन अडलेली असते तो माणूस रोज दारात येऊन उभा राहतो.

शासनाच्या संकेतस्थळावर जीआर, म्हणजे शासन निर्णय, उघडला की त्याच्या फाइलला नाव नसतं, अठरा आकडी संकेतांक असतो. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख. शेवटचे दोन विभागाचे. शालेय शिक्षणाचे २१, वित्त विभागाचे ०५. हे वाचायची सवय झाली की आकडा बघूनच कळतं, हे पत्र कुठून कधी निघालं. पण त्यात काय आहे ते आकडा सांगत नाही. म्हणून प्रत्येक बुकमार्क करताना मी त्या आकड्याच्या जागी माझ्या भाषेत नाव लिहायचे. ‘बारा वर्षं, प्रशिक्षण अट.’ ‘बाळंतपण रजा, विनाअनुदानित काळात घेतली तर.’ ‘पदोन्नती नाकारली तर पुढे काय.’ फोल्डरही विभागवार नव्हते. लोक येऊन जसं विचारतात तसे होते. एका फोल्डरचं नाव ‘त्रुटी आली तर’, एकाचं ‘सेवाखंड’, एकाचं ‘नाव-आडनाव बदल’. जुन्या पेन्शनचे तर दोन होते, ‘आमच्या बाजूचे’ आणि ‘विरोधातले’, कारण विरोधातलं पत्र आधी माहीत असलं तरच उत्तर नीट लिहिता येतं.

हे सगळं त्या सकाळी नव्हतं.

मी ब्राउझर बंद करून परत उघडला. एकदा नाही, चार-पाच वेळा. मग कॉम्प्युटरच रीस्टार्ट केला. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून बुकमार्क मॅनेजर उघडला, तिथेही तेच. रीसायकल बिन बघितला. बुकमार्क कधी रीसायकल बिनमध्ये जात नाही हे तेव्हा सुचलं नाही. मोबाईलवर बघितलं, त्याच खात्याने उघडलेल्या ब्राउझरमध्ये तिथेही रिकामं. हात थंड पडले. टेबलासमोर आमच्या एक बाई बसल्या होत्या, नोव्हेंबरअखेर निवृत्त होणाऱ्या. त्यांच्याच प्रस्तावाची पूर्तता त्या आठवड्यात द्यायची होती. त्यांनी विचारलं, “काय झालं हो?” मी म्हटलं, “काही नाही, नेट स्लो आहे.” त्यांना खरं सांगण्याची हिंमत झाली नाही.

बाईंचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी धावपळ त्यापायीच होती. त्यांची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, रीतसर, मान्यतेसह. पण त्या ज्या तुकडीवर होत्या तिला शंभर टक्के अनुदान मिळालं ते त्यानंतर. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हा वित्त विभागाचा ३१ ऑक्टोबर २००५ चा निर्णय. शाळांसाठी पुढे २९ नोव्हेंबर २०१० चा निर्णय आला. नेमणुकीची तारीख आणि शंभर टक्के अनुदानाची तारीख, या दोन तारखांच्या मध्ये अडकलेली माणसं महाराष्ट्रभर आहेत आणि त्यांच्याबाबत पत्रं, परिपत्रकं, न्यायालयाचे आदेश, उलटसुलट खुलासे यांचा ढीग आहे. तो ढीग वाचून, लावून, नावं देऊन मी बाईंच्या नावाचा एक फोल्डर केला होता. चौसष्ट दुवे. हा एकच आकडा मला पक्का आठवतो, कारण पोळ्याच्या आदल्या दिवशीच मी त्यांना म्हटलं होतं, “बाई, चौसष्ट कागद आहेत आपल्याकडे, घाबरू नका.”

कारण दुपारी बाराच्या सुमारास लक्षात आलं आणि मी खुर्चीत बसून राहिले. पोळ्याच्या संध्याकाळी घरी मी माझा लॅपटॉप मुलीला देऊन टाकला होता. तिचं बीकॉमचं पहिलं वर्ष. तिला देण्याआधी माझा पसारा काढावा म्हणून फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, डेस्कटॉप रिकामा केला, आणि ब्राउझरच्या पट्टीवरच्या ‘शाळा’ फोल्डरवर राइट क्लिक करून डिलीट केलं. मनात पक्कं होतं, हे शाळेच्या कॉम्प्युटरवर आहेच. इथलं काढलं तर काय बिघडतं.

खातं मात्र एकच होतं, आणि सिंक चालू. इतकी वर्षं मी सिंकला दुसरी प्रत समजत आले. ती प्रत नाही. एकच वही दोन टेबलांवर दिसते आहे, असं ते काम. या टेबलावर पान फाडलं की त्या टेबलावरही ते फाटलेलंच दिसणार. मला करायला हवं होतं ते एवढंच की लॅपटॉपवर खात्यातून साइन आउट व्हायचं. चूक पूर्ण माझी होती. ज्याने हे केलेलं नाही त्याला वाटतं इतकं साधं कोण चुकेल, पण काम नेहमीच्या हाताने होत असतं तेव्हा असंच होतं.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटरच्याच क्षेत्रात आहे. दहावीनंतर जातपडताळणीच्या कागदांसाठी तो महिनाभर माझ्या टेबलापाशी येत होता, तेव्हापासूनची ओळख. त्याला मेसेज टाकला. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला.

“मॅडम, आधी सांगा, ब्राउझर आत्ता उघडा आहे का?”

“हो.”

“सकाळपासून किती वेळा बंद-चालू केला?”

मी सांगितलं. तो जरा थांबला. मग म्हणाला, “बंद करा. अन् मी म्हणत नाही तोवर उघडू नका. काही शोधायचं असलं तर मोबाईलवर शोधा. आपण आधी आहे त्याची प्रत काढून ठेवू, मग बघू.”

त्याने सांगितलं ते मला नवीन होतं. क्रोममध्ये सगळे बुकमार्क एका साध्या फाइलमध्ये असतात. फाइलचं नाव ‘बुकमार्क्स’, पुढे कुठलंही एक्स्टेन्शन नाही. तिच्या शेजारीच तिची मागची प्रत असते, ‘बुकमार्क्स डॉट बॅक’. ही दोन्ही विंडोजमध्ये यूजरच्या ॲपडेटा फोल्डरच्या आत, लोकल, गुगल, क्रोम, यूजर डेटा, डिफॉल्ट असं खाली उतरत गेलं की सापडतात. ॲपडेटा दिसत नाही कारण तो लपवलेला असतो. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटेम्सवर खूण केली की दिसतो. पूर्ण ‘डिफॉल्ट’ फोल्डर मी आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. मग दोन्ही फाइलींचा आकार बघितला. दोन्ही दोन-तीन केबीच्या. साडेतेराशे दुव्यांची फाइल पाच-सहाशे केबीची तरी हवी.

मागची प्रत रिकामी का, तेही त्याने समजावलं. ब्राउझर नव्याने सुरू होऊन पुढचा बदल लिहितो तेव्हा तेव्हाची फाइल मागच्या प्रतीवर चढते. म्हणजे फोल्डर गेल्याचं दिसल्यावर मी पहिल्यांदाच थांबले असते, ब्राउझर न हलवता ती फाइल उचलून घेतली असती, तर कदाचित तिथल्या तिथे सगळं परत मिळालं असतं. मी पाच वेळा उघडबंद केला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. वाचणाऱ्यापैकी कुणाचे बुकमार्क आत्ता गेले असतील तर त्याने हात थांबवावा, ती दोन नावं शोधावी, दुसरीकडे कॉपी करावी आणि मगच पुढे जावं. आणि ज्या कॉम्प्युटरवर आत्ताच डिलीट झालंय तिथे बुकमार्क मॅनेजर उघडून कंट्रोल झेड करून बघावं. ब्राउझर बंद झाला नसेल तर गेलेलं परत येतं. माझ्या बाबतीत तो लॅपटॉप दोन दिवसांत कितीदा तरी बंद होऊन सुरू झाला होता.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांचं नशीब याबाबत बरं आहे, हे त्याच फोनवर कळलं. तो आपणहून तारीखवार प्रती साठवतो, साधारण पंधरा, आणि बुकमार्कच्या लायब्ररीत ‘रिस्टोअर’ मध्ये त्या तारखा दिसतात. फक्त एक तारीख निवडली की आत्ताचं सगळं जाऊन त्या तारखेचं येतं, म्हणून आधी आत्ताची प्रत काढून ठेवायची. मी तो कधी वापरला नव्हता.

विंडोजच्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ मध्ये काही नव्हतं. गुगल खात्याच्या ॲक्टिव्हिटीत काही नव्हतं, मीच ती कधीतरी बंद केलेली. डिलीट झालेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर चालवण्यात अर्थ नाही असं तो म्हणाला, कारण फाइल पुसली गेलेली नाही, तिच्याच जागी नवी लिहिली गेली आहे, आणि आमच्या कॉम्प्युटरला एसएसडी आहे; तिथे पुसलेलं सहसा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, सांगावंच लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण मॅडम, जीआर तर सगळे साईटवर आहेतच नं? मग गेलं काय?” सर वाईट हेतूने बोलले नाहीत. त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही, पण दिवसभर ते वाक्य डोक्यात होतं. जीआर साईटवर आहेत, तसे ते कालही होते, उद्याही असतील. हजारोंनी आहेत. त्यातले हे साडेतेराशे कुठले, त्यातला कुठला कुठल्या प्रश्नाला लागू, कुठला नंतरच्या जीआरने रद्द झाला आणि तरी का ठेवायचा, हे साईटवर नाही. ते मी नऊ वर्षं एकेक नाव लिहून केलं होतं. सहकारी म्हणतात, मॅडमना सगळं पाठ आहे. मला काही पाठ नव्हतं. मला फक्त कुठे ठेवलंय ते माहीत होतं.

त्याच दिवशी दुपारी पुण्याहून परत फोन. “मॅडम, तुम्ही याच खात्याने आणखी कुठे लॉगिन केलं होतं का? असा एखादा कॉम्प्युटर, जो बरेच दिवसांत सुरूच झाला नाही?”

होता. फेब्रुवारीत शाळेला नवीन कॉम्प्युटर आला, तोवर मी सहा-सात वर्षं ज्यावर काम केलं तो जुना. तो विकलाही नव्हता, निर्लेखनाचा, म्हणजे भंगारात काढण्याचा, प्रस्ताव पडून होता. मी शिपाई काकांना विचारलं.

“थो जुना नं ताई? थो तं प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत ठेवला आपण. वर नकाशे ठेवले आहेत त्याच्या. आणू का?”

“आणा काका. पण त्याला इंटरनेटची वायर लावायची नाही. काही झालं तरी नाही.”

“बिना वायरीचा कसा चालन?”

“चालेल.”

हीच त्यातली गोम होती. त्या जुन्या कॉम्प्युटरला अजून माहीतच नव्हतं की मी फोल्डर पुसला आहे. फेब्रुवारीत तो बंद झाला तेव्हा जे होतं ते त्याच्या पोटात तसंच असणार. पण इंटरनेट मिळून ब्राउझर उघडला की ती बातमी त्यालाही कळणार आणि तिथलंही जाणार. म्हणून नेट नाही, आणि ब्राउझरला हातही लावायचा नाही. फक्त फाइल उचलायची.

काकांनी भारताचा प्राकृतिक नकाशा आणि पचनसंस्थेचा तक्ता बाजूला केला, फडक्याने धूळ पुसली, दोघांनी मिळून तो माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर ठेवला. नेटच्या केबलची जागा मागे असते. तिथे मी कागदाचा बोळा घालून वर चिकटपट्टी लावली, चुकून कुणी काही जोडू नये म्हणून. सुरू केला तर काळ्या पडद्यावर बॅटरीची सूचना आणि एफ वन दाबा. आतली बारकी बॅटरी संपलेली, त्यामुळे घड्याळ कित्येक वर्षं मागचं दाखवत होतं. विंडोज उघडायला अकरा मिनिटं लागली. पंखा घरघरत होता. बाई आल्या होत्या, त्याही उभ्या होत्या. आता त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली.

ॲपडेटा, लोकल, गुगल, क्रोम, यूजर डेटा, डिफॉल्ट. ‘बुकमार्क्स’. ५८८ केबी. तारीख फेब्रुवारीची.

ती फाइल मी पेन ड्राइव्हवर घेतली, मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर, आणि मगच एक प्रत नोटपॅडमध्ये उघडली. कंस, अवतरणचिन्हं, इंग्रजी शब्द यांची नुसती गर्दी. खाली सरकवत गेले. आणि त्या गर्दीत मध्येच आपली अक्षरं, ‘बारा वर्षं, प्रशिक्षण अट’. मग ‘सेवाखंड’. मग ‘विरोधातले’. डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी पडद्याला बोट लावून वाचलं, “हे तुमचंच.”

प्रत्येक नावाशेजारी एक सतरा आकडी संख्या होती, १३ ने सुरू होणारी. ते काय म्हणून संध्याकाळी पुण्याच्या त्या माजी विद्यार्थ्याला विचारलं तर तो म्हणाला, ती बुकमार्क केल्याची वेळ. १ जानेवारी १६०१ पासून मायक्रोसेकंद मोजलेत. म्हणजे कुठला दुवा कुठल्या दिवशी ठेवला तेही त्यात होतं. माझ्या हातून नऊ वर्षांत कधी काय झालं त्याची नोंद त्या फाइलीत होती आणि मला त्याची कल्पना नव्हती.

फाइल परत बसवतानाही सरळ नेहमीच्या खात्यात टाकायची नाही, असं त्याने बजावलं, कारण सिंक पुन्हा काय करेल ते सांगता येत नाही. नवीन कॉम्प्युटरवर आम्ही क्रोममध्ये खात्याशिवायचं वेगळं प्रोफाइल केलं. ब्राउझर पूर्ण बंद करून त्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली. उघडलं, पट्टीवर ‘शाळा’. तिथून बुकमार्क मॅनेजरमधून एचटीएमएलमध्ये एक्सपोर्ट केलं. ही एचटीएमएल फाइल कुठल्याही ब्राउझरला कळते. तिच्या पहिल्या ओळीत अजून ‘नेटस्केप’ असं नाव असतं. तो ब्राउझर कधीच बंद पडला, पण त्याने घातलेली पद्धत सगळे पाळतात. मग नेहमीच्या खात्यात ती इम्पोर्ट केली. १,१८७ दुवे परत आले, त्यात बाईंच्या फोल्डरमधले एकोणचाळीस.

उरलेले फेब्रुवारीनंतरचे. ते मिळवायला मात्र घाम गाळावा लागला.

क्रोमची हिस्टरी नव्वद दिवसांची असते. म्हणजे जूनच्या सुरुवातीपासूनचं मिळत होतं. पण हिस्टरी म्हणजे मी उघडलेलं सगळं. त्यातलं ठेवलेलं कुठलं आणि बघून सोडून दिलेलं कुठलं हे तिला ठाऊक नसतं. दोन संध्याकाळी शाळा सुटल्यावर बसून अठरा-अठरा आकड्यांच्या ओळी वाचल्या, शेवटी २१ आणि ०५ बघत बघत. प्रत्येक उघडायचा, हा ठेवला होता का ते आठवायचं, नाव द्यायचं. नावं देताना जाणवत होतं की हे पहिलं नाव नाही. पहिल्या वेळी जे नाव सुचलं होतं ते एखाद्या माणसाची अडचण समोर असताना सुचलं होतं.

फेब्रुवारीचा मध्य ते जूनची सुरुवात, हा तुकडा कशातच नव्हता. जुन्या कॉम्प्युटरनंतरचा आणि हिस्टरीच्या आधीचा. त्यातच मार्चअखेर येते, जेव्हा जीआर रोज निघतात. इथे कागद कामी आला. मी जे जीआर प्रत्यक्ष वापरले होते ते कुठल्या ना कुठल्या फाइलला जोडलेले होते, आणि प्रत्येक जीआरच्या शेवटी ते ठरलेलं वाक्य असतं, की हा शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे. वर्षानुवर्षं मी ते वाक्य न वाचता पुढे गेले होते. आता तेच शोधत फाइली उघडल्या. काकांनी कपाटातून गठ्ठे काढून दिले, बाई आकडे वाचत होत्या, मी टाइप करत होते. दोन, शून्य, दोन... वर्गात हजेरी घेतात तशा ठाय लयीत त्या वाचायच्या आणि अठरावा आकडा झाला की थांबायच्या. चालू असलेल्या एखाद्या दुव्यातला संकेतांक बदलून हा घातला की फाइल उघडायची. एक्केचाळीस जीआर असे कागदावरून परत आले.

संचालनालयाची पत्रं, मार्गदर्शनाची उत्तरं यांना असा संकेतांक नसतो. त्यातली काही व्हॉट्सॲपवर सापडली, कारण मी ती दुसऱ्या शाळेतल्या लिपिक ताईंना कधीतरी पाठवली होती. त्यांना फोन केला तर त्यांनी रात्री नऊला बसून मला तेवीस दुवे परत पाठवले, आणि खाली लिहिलं, ‘तुझेच आहेत, तुलाच परत.’ उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या आदेशांचे दुवे मी शोधून आलेल्या पानाचे ठेवले होते. तसलं पान दुसऱ्या वेळी उघडत नाही, हेही यात कळलं. तिथे याचिकेचा क्रमांक आणि वर्ष हेच नावात लिहायला हवं. ते माझ्या वहीत होतं म्हणून आदेश मिळाले.

बाईंनी त्यांच्या घरून एक पिशवी आणली. मी वेळोवेळी त्यांना काढून दिलेल्या प्रिंट त्यांनी एकही टाकली नव्हती. त्यातल्या वेबपानांच्या प्रिंटच्या तळाशी बारीक अक्षरात त्या पानाचा पत्ता छापलेला होता, वर तारीख. काही पत्ते लांब असल्याने मध्येच तुटलेले. पण चार तरी पूर्ण होते. समासात बाईंच्या अक्षरात लिहिलेलं, ‘मॅडम म्हणाल्या हे महत्त्वाचं’.

पूर्तता मुदतीच्या एक दिवस आधी सिव्हिल लाईन्सच्या सरकारी कार्यालयात नेऊन दिली आणि पोच घेतली. प्रस्तावाचं काय होतं ते वेगळं, तो निर्णय माझ्या हातात नाही. पण आधार जोडला नाही असं आता कुणी लिहू शकणार नाही.

आता दर महिन्याला पगार बिल सादर केलं की त्याच दिवशी बुकमार्क एचटीएमएलमध्ये एक्सपोर्ट करते. फाइलच्या नावात तारीख. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक स्वतःला ईमेल, आणि जे जीआर खरंच महत्त्वाचे त्यांची पीडीएफ उतरवून संकेतांक न बदलता तशीच ठेवते, नाव पुढे जोडून. शाळेचं खातं आणि घरचं खातं वेगळं केलं. जुना कॉम्प्युटर निर्लेखनाच्या यादीतून तूर्त काढून घ्यायला सरांना सांगितलं. त्यांनी टिपणीवर सही केली. तो आता माझ्या टेबलाखाली आहे, बोळा आणि चिकटपट्टीसकट.

बाईंच्या फोल्डरमध्ये आज एकसष्ट दुवे आहेत. राहिलेल्या तीनपैकी दोन कुठले ते मला आठवत नाही. तिसरं आठवतं. एप्रिलमधलं पत्र, दोन पानी, दुसऱ्या पानावर खालून चौथ्या-पाचव्या ओळीत ‘नियुक्तीचा दिनांक’ हा शब्दप्रयोग होता, आणि नेमका तोच बाईंना लागू पडणारा. त्याच्या जागी मी एक कोरा बुकमार्क ठेवलाय, नाव तेच दिलंय. लिपिक ताई त्यांच्याकडच्या एप्रिलच्या आवक रजिस्टरमध्ये बघून शनिवारी सांगते म्हणाल्या आहेत.